एप्रिलमध्ये तीर्थन नदीवर ट्राउट धरायला जातोय. हवा सारखी पालटते म्हणतात. तयारी काय करू?

तुम्ही पवनीकडचे, वैनगंगेच्या डोहात कणीक-ढेपेच्या गोळीवर रोहू काढणारे, आणि हिमाचलात पहिल्यांदाच फ्लाय रॉड (गळावर बांधलेली नकली माशी फेकायची काठी) हातात धरणार, असं प्रश्नात लिहिलंय. म्हणजे पाणी ओळखणारी नजर आहेच. मोडायच्या आहेत त्या दोन सवयी: पहाटे जायची आणि जोरात हिसका द्यायची.

आपल्याकडं एप्रिलात झुंजुमुंजू गळ टाकायचा आणि ऊन तापायच्या आत घर गाठायचं. तीर्थनवर पहाटेचं पाणी इतकं गार की ट्राउट तळाशी दगडाआड पडून राहतो. साधा थर्मामीटर दोरीला बांधून न्या. पाणी 7 अंशांच्या खाली असेल तर खुशाल चहा पीत बसा. 10 ते 16 च्या दरम्यान मासा चरतो. दुपारनंतर वेगळीच अडचण येते. वरचा बर्फ उन्हानं वितळून पाणी चढतं, दुधाळ होतं. म्हणून लख्ख उन्हाच्या दिवशी साधारण साडेनऊ ते एक हीच वेळ धरा. आभाळ असेल तर बर्फ कमी वितळतो, पाणी निवळ राहतं आणि मासाही उथळात यायला कचरत नाही. त्यात बारीक रिमझिम असली तर मेफ्लायचे (पाण्यातून वर येणाऱ्या बारीक पंखवाल्या किड्यांचे) पंख लवकर सुकत नाहीत, त्या पाण्यावरच तरंगत राहतात. ट्राउटला आयतं ताट! असा दिवस खोलीत बसून घालवू नका.

सामान थोडं पुरतं. 9 फुटी, 5 वेटचा (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा नंबर) रॉड, तरंगणारी लाइन, तिच्या पुढं 9 फुटी लीडर (निमुळती पारदर्शक दोरी) आणि टोकाला 5एक्स टिपेट, म्हणजे माशी बांधायचा बारीक धागा (एक्सचा आकडा वाढला की धागा बारीक). 14 आणि 16 नंबरच्या मणीवाल्या निम्फ (बुडणाऱ्या माश्या) डझनभर, त्याच मापाच्या अ‍ॅडम्स (तरंगणाऱ्या माश्या) सहा, 8 नंबरचे काळे वूली बगर (पाण्याखाली ओढायच्या मोठ्या, केसाळ माश्या) चार. (नंबर वाढला की गळ लहान होतो, दुकानात गोंधळू नका.) गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करा. ट्राउटचा हंगाम 1 मार्च ते 31 ऑक्टोबर असतो. मत्स्य विभागाचा परवाना काढा आणि त्यावरच्या अटी वाचा.

बहुतेक वेळ तुम्ही निम्फच वापराल. इंडिकेटर म्हणजे आपला तरंगाच. पाणी दोन फूट खोल असेल तर इंडिकेटरपासून माशी तीन फुटांवर, म्हणजे खोलीच्या दीडपट. माशी अधूनमधून तळाला घासली पाहिजे. कधीच अडकत नसेल तर ती वरूनच वाहतेय. आता शेजारच्या फेसाच्या बुडबुड्याकडं बघा. इंडिकेटर त्याच्याच चालीनं जायला हवा. पुढं पळत असेल तर मधल्या जोरदार धारेनं लाइनला पोट आलंय आणि ती माशीला ओढतेय. रॉडचं टोक उचलून ते पोट धारेच्या वरच्या अंगाला टाका. नवखे इथं माशी बदलत बसतात. दोष ओढीचा असतो.

इंडिकेटर थबकला की लगेच, पण हलकेच, रॉड वर घ्या. रोहू गोळी चोखतो तेवढी वाट पाहिली तर ट्राउट माशी थुंकून मोकळा होतो. मरळीला देतो तसा हिसका दिला तर 5एक्स तुटलंच समजा.

जोराचा पाऊस होऊन पाणी गढूळ झालं तर मधली धार सोडा. मासा काठाच्या संथ पाण्यात सरकतो. तिथं 3एक्सवर काळा वूली बगर हळूहळू ओढा. वावधन सुटलं तर लांब फेकायचा हट्ट नको, त्या दगडगोट्यांच्या नदीत पाच-सात मीटर पुष्कळ झाले. वीज कडाडली की मात्र रॉड खाली ठेवून पाण्यापासून दूर व्हा. ग्राफाइटमधून वीज वाहते.

पाण्यात गुडघ्यापलीकडं उतरू नका, हातात काठी ठेवा. उतरताना काठाजवळचा एक दगड हेरून ठेवा. तो बुडाला, काड्या-पानं वाहत आली किंवा पाण्याचा रंग बदलला, तर लगेच निघायचं. पुढं बियासच्या पात्रात उतरायचा विचार असेल तर जास्तच जपा: जून 2014 मध्ये लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे 24 विद्यार्थी वाहून गेले होते, आणि तेव्हा वर पाऊस असण्याची गरजही पडली नाही.

जायच्या आधी पंधरा दिवस रोज अर्धा तास फेकीचा सराव करा. माशीऐवजी लोकरीचा लाल तुकडा बांधा. लाइन मागं पूर्ण सरळ झाल्याशिवाय हात पुढं आणू नका. घाई केली की चाबकासारखा आवाज येतो आणि खरी माशी असती तर तुटून गेली असती. गहू निघालेलं वावर मोकळं दिसतं, पण खुंटांवर लाइन खरवडते. शाळेचं मैदान बरं.