नागपूरच्या आसपास रानबदकं कोणती आणि कुठे दिसतात?

बाराही महिने दिसतं ते हळदी-कुंकू बदक. काळ्या चोचीचं टोक पिवळंधमक, मुळाशी दोन्ही बाजूंना लाल ठिपका. दुर्बिणीतून ओळख पटतेच. अडई आणि कापशी बदकासाठी कमळ-शिंगाड्याचे गावतलाव बघा, शक्यतो काठाला जुनी झाडं असलेले, कारण दोघंही ढोलीत अंडी घालतात. म्हणूनच सुशोभीकरणाच्या नावाखाली पाणगवत आणि झाडं काढली की फार वाईट वाटतं.

थंडीत उत्तरेकडून तलवार बदक, थापट्या येतात; त्यांना उथळ पाणी हवं. बुडी मारणारी लालसरी खोल पाण्यात, तर चक्रवाक उघड्या, वाळूच्या काठावर. डिसेंबर-जानेवारीत भल्या सकाळी गोरेवाड्याच्या तलावापासून सुरुवात करा.