बाजू संपेपर्यंत उठू नकोस

बाळा,

फोनवर चारशे अल्बम साठवलेस, महिनाभरात एकही शेवटपर्यंत ऐकला नाहीस, आणि आता विचारतेस, "काका, माझा कानच गेला का?" कान शाबूत आहे. तू बसत नाहीस, एवढंच.

रेकॉर्ड प्लेअर घेऊ का, म्हणतेस. घे. पण एकदा पिन टेकवली की बाजू संपेपर्यंत उठायचं नाही. एलपीची, म्हणजे मोठ्या रेकॉर्डची, एक बाजू वीस-बावीस मिनिटांची असते. आधी खरखर, मग तंबोरा, मग पहिला सूर. तेवढा वेळ काढता येत नसेल तर पैसे घालवू नकोस.

सगळं फोनवर मिळतं, हे मला सांगू नकोस. २००६ साली मीही हेच म्हणत होतो. अण्णांच्या दोनशे रेकॉर्डी हार्ड डिस्कवर उतरवल्या आणि फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून रद्दीवाल्याला दिल्या. किलोच्या भावाने! तीन वर्षांनी डिस्क बंद पडली. पण त्या तीन वर्षांत मी त्यातलं काहीच नीट ऐकलं नव्हतं. रेकॉर्डी गेल्या आणि पाठोपाठ बसणं गेलं, ते मला कळलंसुद्धा नाही.

गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानावरच्या तबकडीत अवकाशात गेली. अवघी साडेतीन मिनिटांची. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डवर मावायचंच तेवढं, म्हणून एक सूर वाया नाही. आणि तू दीड मिनिटाला पुढचं दाबतेस? बाजू संपू दे ना!

जुन्या बाजारात घेताना तबकडी उजेडात तिरकी धरून बघ. केसासारखे ओरखडे चालतील, नख अडकलं तर ठेवून दे. खाचांना बोट लावू नकोस. घरी उभ्या ठेव, एकावर एक रचल्या की वाकतात. वर्षभराला पाच पुरेत.

घरचे मला हट्टी म्हणतात. परवा बाजू चालू असताना मुलीचा फोन घेतला नाही, ती रुसली. वीस मिनिटांनी मीच केला की परत! त्यात माझं काय चुकलं? एकदा उठलो की मी पुन्हा बसत नाही, हे अनुभवाने कळलंय मला.

रविवारी ये. पिन नवी बसवली आहे. फोन बाहेर चपलांपाशी ठेव. बाजू उलटायला तूच उठायचंस, त्याआधी नाही.

काका