नवीन टीचरसाठी, पट्टीबद्दल
अगं, पहिल्याच पालकसभेत कोणीतरी उभं राहून म्हणणारच, मॅडम द्या दोन फटके, आमचं काही म्हणणं नाही. हसून सोडून दे. पालकांची परवानगी चालत नाही, शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे आणि कलम 17 मध्ये मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद, म्हणजे कोंबडा करणं, वर्गासमोर "ढ" म्हणणं पण त्यातच आलं. मोडलंस तर सर्व्हिस रूलप्रमाणे कारवाई.

स्वीडनने 1979 मध्येच आईबापांना सुद्धा मारायला बंदी केली, जगात पहिला देश. आपल्याकडे घरातल्या माराची वेगळी बंदी नाही, त्यामुळे स्टाफरूममध्ये वाद संपतच नाही, "आम्ही मार खाऊनच शिकलो" वाले सर प्रत्येक शाळेत एक असतातच 😄

मी पण मारायचे. सातपूरला होते तेव्हा एक पोरगा रोज दुसऱ्या तासाला डुलक्या घ्यायचा, एकदा चिडून बोटांवर पट्टी उभी मारली, त्याने हात मागे पण घेतला नाही. नंतर कळलं पहाटे चारला उठून पेपर टाकतो, वडील कंपनीत नाईट शिफ्टला. बोटांवर पेपरच्या शाईचे काळे डाग होते ते मी रोज बघत होते तरी.

तू एक कर, डस्टर आणि पट्टी ड्रॉवरमध्ये टाक. गोंधळ झाला की ओरडू नको, त्या बेंचजवळ जाऊन उभी राहा आणि तिथूनच शिकवत राहा. चौथी-पाचवीला चालतं, आठवीला थोडा वेळ लागतो.