क्लिप-ऑन घ्यायच्या आधी फूटरेस्टकडे बघा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी साध्या, उंच हँडलची आहे, रोजच्या वापरातली आहे, तिला क्लिप-ऑन लावायचेत, म्हणजे एका सलग हँडलऐवजी फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या) दोन्ही नळ्यांवर वेगवेगळे आवळायचे दोन सुटे, खालचे हँडल. काम तासाभराचं आहे असं कुणीतरी सांगितलंय, आणि मनगटं दुखतील का अशी शंका आहे. शंकेपासूनच सुरू करतो. नुसतं हँडल बदललंत तर दुखतील. गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर तर नक्कीच.

गाडीवर बसल्यावर आपण तीन ठिकाणी टेकलेले असतो: सीट, फूटरेस्ट आणि ग्रिप. या तिन्हींचा हिशेब कंपनीने एकत्र केलेला असतो. तुम्ही हात पुढे आणि खाली नेलेत पण पाय होते तिथेच ठेवलेत, तर कंबरेतून वाकायला वाव राहत नाही, पाठीला कमान येते आणि छातीपासून वरचा सगळा भार तळहातांवर उतरतो. पाय थोडे मागे आणि वर गेले की तोच भार मांड्या आणि पोटाचे स्नायू उचलतात, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरता येते आणि हात मोकळे राहतात. हायवेच्या वेगात वाराही छातीला रेटून थोडा भार कमी करतो. सिग्नल ते सिग्नल चालवताना मात्र तो मदतीला येत नाही.

याचं सोपं उदाहरण म्हणजे रॉयल एन्फिल्डची २०१८ ची जोडी, इंटरसेप्टर ६५० आणि कॉन्टिनेंटल जीटी ६५०. इंजिन तेच ६४८ सीसीचं, चासी जवळपास तीच. इंटरसेप्टरला रुंद हँडल, जीटीला क्लिप-ऑन. पण जीटी करताना कंपनी हँडलवर थांबली नाही. फूटरेस्ट मागे नेले, टाकी वेगळी दिली, सीटही बदलली. आपण घरी करतो तेव्हा फक्त हँडल बदलतो आणि बाकीच्यांचं खापर क्लिप-ऑनवर फोडतो.

म्हणून पैसे खर्च करायच्या आधी एक बिनखर्चाची चाचणी करा. गाडी मेन स्टँडवर घ्या, नसेल तर कुणाला तरी सरळ धरायला सांगा. एक मजबूत दांडी फोर्कच्या दोन्ही नळ्यांना आडवी, क्लिप-ऑनचे ग्रिप जिथे येतील त्या उंचीवर केबल टायने बांधा. आता पाय फूटरेस्टवर ठेवून दांडी धरा, पाच-दहा मिनिटं तसेच बसा आणि मग दोन्ही हात दांडीवरून अलगद उचला. अंग जागच्या जागी राहिलं तर बैठक जमतेय. तोंडावर पडायला झालं, तर एक तर उंची फार कमी आहे किंवा पाय फार पुढे आहेत. मग तेच पाय मागच्या फूटरेस्टच्या दिशेने थोडे सरकवून बघा, फरक लगेच कळतो. ही चाचणी करून काही लोक बेत बदलतात, आणि त्यात वाईट काही नाही. जुन्याच क्लॅम्पमध्ये बसणारं सपाट हँडल किंवा पुढे-खाली वळवलेलं क्लबमन हँडल लावलं की तो झुकलेला बाज बराचसा मिळतो, फोर्कला हात लावावा लागत नाही, आणि नाही आवडलं तर संध्याकाळपर्यंत गाडी पूर्ववत. माझा कल रोजच्या गाडीसाठी तिकडेच आहे.

तरीही क्लिप-ऑनच हवेत ना? फोर्कच्या दोन्ही नळ्यांना धरणाऱ्या आडव्या तुकड्याला टी म्हणतात, वर एक आणि खाली एक असते. मग वरच्या टीच्या वर लावायचे की खाली, हे आधी ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

खाली लावायचे तर वरची टी काढावी लागते. म्हणजे पुढचं चाक अधांतरी राहील अशी गाडी टेकवायची, स्टेमचा (हँडल ज्याभोवती वळतं त्या मधल्या दांड्याचा) नट काढायचा, आणि परत बसवताना कोनसेटचा (स्टेमच्या बेअरिंगचा) ताण नीट आहे ना हे बघायचं. खालच्या टीचे बोल्ट या सगळ्यात ढिले करू नका, फोर्क खाली घसरेल. खाली लावले की बैठक चांगलीच झुकते. शिवाय दोन टींच्या मधल्या जागेत बऱ्याच गाड्यांवर हेडलाईटचे कान आणि इंडिकेटर असतात, त्यांना दुसरी जागा शोधावी लागते.

वर लावणं सोपं वाटतं, पण त्यासाठी फोर्कची नळी टीच्या वर तेवढी बाहेर आलेली पाहिजे. बऱ्याच साध्या गाड्यांत ती टीच्या बरोबरीला संपते. मग लोक काय करतात, तर टीचे बोल्ट सैल करून नळ्या पंचवीसेक मिलिमीटर वर ओढतात. याचा अर्थ गाडीचं नाक तेवढं खाली आलं. चौदाशे मिलिमीटरच्या आसपास व्हीलबेस असेल तर स्टिअरिंगचा कोन साधारण एका अंशाने उभा होतो आणि ट्रेल (स्टिअरिंगच्या अक्षाची रेषा जमिनीला जिथे टेकते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) अंदाजे सहा मिलिमीटरने घटतो. गाडी वळायला चपळ होते, पण वेगात सरळ राहण्याची खात्री थोडी कमी होते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: फोर्क पूर्ण दबला की मडगार्ड आणि खालची टी, किंवा टायर आणि रेडिएटर, यांच्यातलं अंतरही तेवढंच कमी झालेलं असतं. ते मोजल्याशिवाय नळ्या ओढू नका. खड्ड्यात जोरात ब्रेक मारताना मडगार्ड टीवर आपटलं, तर चाक अडकू शकतं. त्यापेक्षा राइजरवाले, म्हणजे खाली आवळून नळीने वर येणारे क्लिप-ऑन मिळतात. दिसायला तितके धारदार नाहीत, पण कोपरांना सुख देतात.

फोर्कचा व्यास फक्त व्हर्नियरने मोजा. ३३, ३५, ३७, ३९, ४१ अशी मापं असतात आणि डोळ्यांना ३७ आणि ३८ सारखेच दिसतात. क्लिप-ऑन जिथे आवळणार त्याच जागी मोजा. मोठ्या मापाचा घेऊन आत पत्र्याची पट्टी घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. उलट्या फोर्कमध्ये (जाड नळी वर, बारीक खाली) वरची नळी जाड दिसत असली तरी आतून पातळ असते, आणि क्लॅम्प जास्त आवळला तर ती दबून आतलं बुश अडकू शकतं. ग्रिपच्या बाजूला बहुतेक नळ्या २२ मिलिमीटरच्या असतात, त्यामुळे तुमचे स्विच आणि लिव्हर चालतील. बार-एंडचं (हँडलच्या टोकाचं) वजन मात्र नवीन नळीच्या आतल्या व्यासात बसेलच असं नाही, आणि ते नसेल तर कंपनं थेट बोटांत येतात.

आता खरी कसोटी, फुल लॉक. क्लिप-ऑन हलकेच आवळा, वायरी-केबल काही जोडू नका, फक्त लिव्हर आणि स्विच अंदाजे जागी सरकवा. हातमोजे घालून हँडल एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे शेवटपर्यंत वळवा. अंगठा टाकी आणि ग्रिपच्या मध्ये चेमटला तर हँडल थोडं पुढे फिरवा, नाही जमलं तर उंची वाढवा. लिव्हर, स्विचचा डबा, ब्रेक ऑईलची डबी, प्रत्येकाचं टाकीपासूनचं अंतर बघा, बोटभर तरी जागा हवीच. कुठेच जमत नसेल तर शेवटचा उपाय म्हणजे स्टिअरिंगच्या स्टॉपची जाडी वाढवणं. पण मग गाडी वळायला जास्त जागा मागते, आणि चावीचा हँडल लॉक कदाचित लागणार नाही. पार्किंगमधून रोज गाडी काढणाऱ्याला हे फार जाचतं. हँडल अरुंद झाल्याने कमी वेगात वळवायला तसाही जोर जास्त लागतो.

स्विचबद्दल एक बारीक पण मोलाची गोष्ट. बऱ्याच गाड्यांत स्विचच्या डब्याच्या आत एक छोटी पिन असते, ती जुन्या हँडलच्या भोकात बसते म्हणून डबा फिरत नाही. नवीन नळीला ते भोक नसतं. काही जण पिनच घासून टाकतात. मग घामट हातांनी अ‍ॅक्सिलरेटर पिळताना अख्खा डबा हळूहळू गोल फिरायला लागतो. तसं करू नका. गाडीवर बसून, हात नैसर्गिक ठेवून डबा हवा तिथे आणा. पिनच्या टोकाला रंगाचा ठिपका लावा आणि डबा नळीवर अलगद दाबा, खूण उमटते. सेंटर पंचने तिथे खळी पाडा म्हणजे ड्रिल घसरणार नाही, आधी बारीक बिटने आणि मग पिनच्या मापाने भोक पाडा. नळीच्या एकाच भिंतीला, आरपार नाही. कडा कानशीने साफ करा आणि बुरा झटकून टाका, तो अ‍ॅक्सिलरेटरच्या स्लीव्हमध्ये गेला तर ती खरखरते. ग्रिप बसवल्यावर स्लीव्ह सोडली की टचकन मागे यायला हवी, बार-एंडला घासता कामा नये.

केबलींचं बघू. हँडल खाली आलं म्हणजे क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल लांब पडणार. थोड्या लांब असल्या तर वळण बदलून बसवता येतात, पण तीव्र वळण दिलंत तर क्लच जड होतो. फार लांब असल्या तर आखूड केबल घ्या, टायने गुंडाळून टाकीखाली कोंबू नका. तपासणी अशी: न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. कुठेही आरपीएम वाढला तर केबल ओढली जातेय. वळणावर गाडी आपसूक रेस होणं काय असतं, ते तुम्हीच कल्पना करा. वायरिंग बहुधा हेडलाईटच्या डोममधून येतं, तिथली टेप सोडून थोडी ढील मिळते.

ब्रेकमध्ये तडजोड नको. मास्टर सिलिंडर नवीन कोनात आल्यावर ऑईलची डबी आडवी समपातळीत राहिली पाहिजे. डबी सिलिंडरलाच जोडलेली असेल आणि क्लिप-ऑनच्या उतारामुळे कलत असेल, तर वेगळ्या डबीचा मास्टर सिलिंडर लागेल. होज कुठल्याही लॉकला ताणली जाऊ नये, मुडपली जाऊ नये, टायरला लागू नये. फोर्क पूर्ण उघडल्यावरही बघा, नुसतं उभ्या गाडीवर नाही. होज सोडावी लागलीच तर तिच्या टोकाच्या बँजो बोल्टला तांब्याचे नवीन वॉशर घाला आणि नीट ब्लीड करा, म्हणजे आतली हवा काढा. ब्रेक ऑईल टाकीच्या रंगावर सांडलं तर रंग जातो, आधी जाड कापड पसरा.

शेवटी आवळणं. फोर्कची नळी आणि क्लॅम्पची आतली बाजू तेलकट नसावी. दोन बोल्ट असतील तर आळीपाळीने थोडे थोडे आवळा, म्हणजे दोन्हीकडची फट सारखी राहते. टॉर्क (आवळण्याचा जोर) बनवणाऱ्याने दिलेलाच, टॉर्क पान्यानेच. कचकन ब्रेक लागतो तेव्हा तुमचं सगळं अंग क्लिप-ऑनवर येतं. ढिला असेल तर तो नेमका तेव्हाच फिरतो. क्लॅम्प आणि नळीवर मिळून पेंटने एक बारीक रेघ मारून ठेवा, सरकला की रेघ तुटलेली दिसते. पहिल्या छोट्या फेरीनंतर टॉर्क परत तपासा.

किरकोळ दोन गोष्टी. जुन्या राइजरची (हँडल धरणाऱ्या क्लॅम्पची) टीमधली भोकं उघडी ठेवू नका, पाणी साचतं. आणि मूळचे आरसे लावलेत तर त्यात रस्त्याऐवजी तुमची कोपरं दिसतील, बार-एंडचे आरसे घ्या. विमा कंपनीला बदल कळवायचा का, स्थानिक नियमात हे बसतं का, तेही काम सुरू करायच्या आधीच विचारून ठेवा.

रिअरसेट, म्हणजे मागे आणि वर नेलेले, फूटरेस्ट लावणार असाल तर गिअरचा रॉड आणि मागच्या ब्रेक लाईटचा स्विच दोन्ही परत जुळवावे लागतील. ब्रेक लाईट हमखास विसरतात लोक. गाडीचं मॉडेल, फोर्कचा व्यास, नळी टीच्या वर किती बाहेर आहे आणि लॉकला टाकीपर्यंत किती अंतर उरतं, एवढ्या चार गोष्टी कळवा. किती उंचीचा राइजर लागेल ते त्यावरून सांगता येईल.