चिलगोजा हे पाइनचं फळ आहे की बी? काजूसारखंच ना?

चिलगोजा ही निव्वळ बी आहे, फळ नाही. पाइनला फूलच येत नाही, मग फळ कुठून येणार? वनस्पतिशास्त्र शिकवताना मी हिमाचलातल्या किन्नौरचा चिलगोज्याचा शंकू (पाइनचा खवल्यांचा ‘कोन’) वर्गात फिरवतो: खवल्याच्या आतल्या अंगाला २ बिया, अगदी उघड्या बसलेल्या. नर शंकूतले परागकण वाऱ्याने उडून थेट बीजांडापाशी (ज्याची पुढे बी होते) पोचतात, पण फलन व्हायला पुढे जवळपास वर्ष लागतं. काजूच्या मोहोरात बीजांड अंडाशयात, म्हणजे फुलातल्या बंद कप्प्यात असतं. पराग कुक्षीवर, म्हणजे अंडाशयाच्या वरच्या टोकावर पडतो, त्याची नळी आत उतरते आणि अंडाशयाचंच फळ होतं. (खरं फळ म्हणजे टरफलासकट काजू, बोंड हा नुसता फुगलेला देठ.) मात्र वारा म्हणजे शंकू आणि कीटक म्हणजे फूल, असं समजू नका. मका सपुष्पच (फुलं येणारा), तरी वाऱ्याच्याच भरवशावर.