दातांचं इस्टिमेट बघून दातखिळी

दातांच्या खर्चाबद्दल या वेळी आलेले बहुतेक प्रश्न विशी-पंचविशीतल्या वाचकांचे आहेत. त्यातल्या निम्म्या जणांनी सुरुवातीलाच माफी मागितली आहे, ‘लहानपणी लक्ष दिलं नाही’ म्हणून. दात किडले म्हणून माफी कसली मागायची? कामाचं बोलू.

प्रश्न : वय २४. चाकणला कंत्राटी कामगार आहे, हातात १६ हजार येतात. दाढ दुखत होती म्हणून गेलो तर ६८ हजारांचं इस्टिमेट दिलं. दोन रूट कॅनल, दोन झिर्कोनियाच्या कॅप, चार फिलिंग, एक अक्कलदाढ काढणं, क्लीनिंग आणि व्हाइटनिंग. मला लुबाडताहेत का?

एक्स-रे न बघता तसं म्हणणं बरोबर नाही. पण ६८ हजार हा एक आकडा नाहीच, ती दहा-बारा वेगवेगळी कामं आहेत. परत जा आणि प्रत्येक दाताचा नंबर, त्यावरचं काम आणि त्याचा खर्च वेगवेगळ्या ओळींत लिहून मागा. एक्स-रेची प्रत मोबाइलवर घ्या. कागदावर ३६ लिहिलं असेल तर ती खालची, डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. ती सहाव्या वर्षीच येते, घरचे तिला दुधाची समजतात, आणि सगळ्यात जास्त किडलेली तीच सापडते.

आता क्रम लावा. ठणका किंवा पू असलेली दाढ पहिली. दुसऱ्या नंबरावर चार फिलिंग, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. दुखत नाही म्हणून फिलिंग मागे टाकतात. आज हजार-दीड हजारात भरून निघणारा खड्डा दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचला की रूट कॅनल आणि कॅप मिळून दहा हजारांच्या पुढे जातो. पैसे कमी असतील तर ठणक्याची दाढ झाल्यावर बाकी कामांच्या आधी फिलिंग उरका. क्लीनिंग त्याच फेरीत करून घ्या. अक्कलदाढ का काढायची, ते विचारा. ती आडवी असेल, वरची हिरडी वारंवार सुजत असेल किंवा शेजारची दाढ किडवत असेल तर काढा. नुसती ‘आहे म्हणून’ काढायची गरज नसते. व्हाइटनिंगवर काट मारा.

कॅप झिर्कोनियाचीच हवी असंही नाही. मेटल-सिरॅमिक स्वस्त पडते, आणि शेवटून दुसऱ्या दाढेला साधी धातूची कॅप वर्षानुवर्षं टिकते. तिथे डोकावून बघणार कोण?

आणि तुमची पगाराची स्लिप बघा. ठरलेला पगार २१ हजारांपर्यंत असेल तर कंत्राटी कामगारालाही ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू होतो, पगारातून ०.७५ टक्के कापले जातात. म्हणजे तुम्ही पैसे भरताय आणि वापरत नाही आहात! विमा क्रमांक घेऊन ईएसआयच्या दवाखान्यात जा आणि दंतविभागात यातलं काय काय होतं ते विचारा. कॅप कदाचित बाहेरून करावी लागेल, पण बाकीचा भार तरी उतरेल.

प्रश्न : मी मुंबईत शिकते, वय २१. मैत्रीण म्हणते डेंटल कॉलेजात जा, स्वस्तात होईल. पण विद्यार्थी माझ्या दातांवर हात साफ करून घेणार ना?

घेणारच! मीही दंतवैद्यकी अशाच ओपीडीत शिकले. पण रूट कॅनलची प्रत्येक पायरी झाली की सर किंवा मॅडम येऊन बघतात आणि सही करतात, त्याशिवाय पुढे जाता येत नाही. खासगी दवाखान्यात माझ्या खांद्यावरून कोणी बघत नसतं. विद्यार्थ्याला ठरलेल्या केसेस पूर्ण करायच्या असतात, त्यामुळे ‘उद्या याल ना नक्की?’ असा फोन त्याचाच येतो. इथे पैसे वाचतात आणि वेळ जातो. सकाळी लवकर केसपेपर काढा, एक्स-रेची रांग धरा, तीन-चार फेऱ्या गृहीत धरा. परीक्षेच्या दिवसांत काम लांबतं.

मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय आहेत, गोवेकरांना बांबोळी. दाढेची मुळं वेडीवाकडी असतील तर पदव्युत्तर विभागात पाठवा म्हणून सांगा.

प्रश्न : अलाइनरसाठी, म्हणजे दात सरळ करायच्या पारदर्शक साच्यांसाठी, ‘नो कॉस्ट ईएमआय’ देताहेत. घेऊ का?

शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सुनावलं होतं. व्याज प्रोसेसिंग फीमध्ये तरी असतं, नाहीतर न मिळालेल्या सवलतीत. एकच प्रश्न विचारा : आज रोख भरले तर किती? सही करण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा, वार्षिक दर त्यात लिहावाच लागतो. मोठा धोका वेगळाच आहे. कर्ज तुमच्यात आणि कर्ज देणाऱ्या कंपनीत असतं. उपचार अर्धवट राहिले, दवाखाना बंद झाला, तरी हप्ता चालूच.

त्यापेक्षा डॉक्टरांना सरळ विचारा, ‘टप्प्याटप्प्याने दिले तर चालतील का?’ साध्या तारांचं काम दीड-दोन वर्षं चालतं, त्यात दर भेटीला थोडे पैसे देण्याची रीत जुनीच आहे. माझ्याकडे भिशी लागली की कॅप बसवायला येणारे आहेत.

प्रश्न : गोळ्यांचा कोर्स केला, ठणका थांबला. आता रूट कॅनल पुढच्या वर्षी केलं तर?

ठणका थांबला म्हणजे बहुधा दाताची नस मेली. अँटिबायोटिकने किडीचा खड्डा भरत नाही, मुळाशी जंतू तसेच राहतात. दोन-तीन आठवडे पगाराची वाट बघा, वर्षभर नको. मात्र गालावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडेना, गिळता येईना, असं काही झालं तर पैशांचा विचार न करता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा.

प्रश्न : वय २२. आई म्हणते, दाढ काढून टाक, आठशे रुपयांत विषय संपतो.

आईंच्या काळात तोच उपाय होता, त्यांना हसू नका. पण बाविसाव्या वर्षी विषय संपत नाही. शेजारची दाढ त्या जागेत कलंडते, वरची खाली लोंबू लागते, आणि तिशीत इम्प्लांटसाठी, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम दातासाठी, २५-३० हजार मोजावे लागतात. वाचण्यासारखी असेल तर वाचवा. पैसे खरंच नसतील आणि पू होत असेल तर काढणं हाही प्रामाणिक उपचार आहे.

रूट कॅनल केलंत तर कॅप टाळू नका. संक्रांतीनंतर एक मुलगा रुमालात दाढेचा तुकडा घेऊन आला होता. रूट कॅनल सहा महिन्यांपूर्वीचं, ‘दुखत नाही’ म्हणून कॅप राहिली. तिळाची कडक वडी चावली आणि दाढ मुळापर्यंत उभी चिरली. ती काढावीच लागली.

प्रश्न : आरोग्य विम्यात दात बसतात का?

साध्या पॉलिसीत नाही. अपघातामुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर सहसा बसतात. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडीची रक्कम आहे का, एचआरला विचारा. आणि अपघाताचा विषय निघालाच आहे तर : बाइकवरून पडून अख्खा दात निघून आला तर तो मुळाला हात न लावता उचला, घासू नका, दुधात टाका आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोचा. बऱ्याचदा तोच दात परत बसवता येतो.