घरातले फोटो हलतात, ते का?

प्रश्न: साधा कॉम्पॅक्ट कॅमेरा घेतला. उन्हात फोटो झकास येतात, पण संध्याकाळी घरात नातीचे फोटो हमखास हलतात. कॅमेरा बदलून घेऊ का?

उत्तर: थांबा, कॅमेरा धडधाकट आहे. त्याला उजेड पुरत नाही, एवढंच. अशा बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, जेमतेम ६ मिलिमीटर रुंद, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. म्हणून दिव्याच्या उजेडात कॅमेरा शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, १/८ सेकंद उघडं ठेवतो आणि तेवढ्यात नात मान वळवते. कॅमेऱ्यातली थरथर सावरायची सोय, म्हणजे स्टॅबिलायझेशन, तुमचा हात सावरतं, नातीची मान नाही!

मीही पहिल्या कॅमेऱ्यावर एक अख्खा वाढदिवस असाच घालवला. लांब कोपऱ्यात बसून झूम करत होतो, हीच चूक. एफचा आकडा लेन्सचं तोंड किती उघडं ते सांगतो; आकडा मोठा, तर उजेड कमी. झूम न करता एफ/३ असलेली लेन्स पूर्ण झूमवर एफ/६ झाली, तर उजेड चौथाईवर येतो. म्हणून झूम सोडा, दोन पावलं पुढे जा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ८०० करा. फोटोत दाणे दिसतील, दिसू देत. डिजिटल झूम, म्हणजे फोटो नुसता कापून मोठा करणारा झूम, मात्र मेनूत जाऊन कायमचा बंद करा. आणि नातीला दुपारी खिडकीपाशी बसवून पाहा, फ्लॅश लागणारच नाही.